शंभर फॉर्म की वीस घरं?

पत्र असं आहे:

‘मी सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय जनसंज्ञापन. या सत्रात संशोधन प्रकल्प करायचाय. सरांनी “समाजमाध्यमांचा तरुणाईवर होणारा परिणाम” हा विषय सुचवलाय. गूगल फॉर्म करायचा, शंभर जणांकडून भरून घ्यायचा, पाय-चार्ट काढायचे, झालं. वर्गातल्या निम्म्या मुलांचा हाच विषय आहे. मला दुसरं काहीतरी करायचंय. आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाजवळ. घरात तेलुगू बोलतो. आई विड्या करते, वडील यंत्रमागावर जातात. आईला मराठी वाचता येत नाही. तरी पाणी कधी येणार, लाडक्या बहिणीचा हप्ता पडला का, कुठल्या कारखान्यात काय झालं, हे तिला माझ्या आधी कळतं. ते कसं कळतं यावर प्रकल्प होईल का? मैत्रीण म्हणते, घरातल्या गोष्टीवर कुठं संशोधन असतं का? कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, वर्गातल्या एकानं घेतलासुद्धा. सरांना नाही म्हणायची भीती वाटते. हाताशी जेमतेम चार महिने आहेत. आणि मुलाखती तेलुगूत घेतल्या तर चालतील का?
– पूर्व भागातली एक विद्यार्थिनी’

होईल की! तुझा विषय तुझ्या पत्रातच पडलाय. ‘आईला माझ्या आधी कळतं’ या एका वाक्यात जेवढं संशोधन आहे, तेवढं त्या शंभर फॉर्ममध्ये नाही. पण सरांच्या विषयावर नुसतं नाक मुरडून चालणार नाही. तो का फसतो ते नीट समजून घे, म्हणजे स्वतःचा विषय मांडताना तीच चूक तुझ्याकडून होणार नाही.

‘परिणाम’ म्हटलं की जबाबदारी फार मोठी येते. अमुक गोष्टीचा तमुकावर परिणाम झाला असं म्हणायचं, तर आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे दोन्ही हातात हवं. नाहीतर ज्यांच्यावर ती गोष्ट घडली आणि ज्यांच्यावर घडली नाही, असे दोन गट हवेत. एकदाच भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये यातलं काही नसतं. ‘मोबाईलमुळे तुमचा अभ्यास कमी झाला का?’ या प्रश्नाला आलेलं ‘होय’ म्हणजे त्या मुलाचं स्वतःबद्दलचं मत झालं. अभ्यासात मन लागत नाही म्हणून मोबाईल हातात येतो की मोबाईलमुळे मन लागत नाही, हे त्यातून कळायचा मार्ग नाही.

दुसरी गोम फॉर्म भरणाऱ्यांत आहे. लिंक जाते व्हॉट्सअ‍ॅपवर. ती तुझ्या वर्गात जाते, मग वर्गातल्यांच्या मित्रांत जाते. ज्याच्याकडे फोन नाही किंवा ज्याला नेटपॅक परवडत नाही, तो या शंभरात येतच नाही. आणि मग प्रकल्पाच्या शेवटी मोठ्या थाटात निष्कर्ष निघतो की जवळजवळ सगळेच तरुण समाजमाध्यमं वापरतात. वापरतातच ना बाई, नसते वापरत तर तुझा फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचला असता का?

आता मैत्रिणीच्या शंकेकडे येते, कारण माझ्या मते तुझी खरी अडचण तीच आहे. आपल्या गल्लीत घडतं ते अभ्यासाच्या लायकीचं नाही असं तुलाही आतून थोडं वाटतंय.

विडी-सिगार वळणाऱ्यांच्या कानावर बातमी कशी पडते, हा विषय संज्ञापनाच्या इतिहासात चांगला जुना आहे. क्यूबातल्या हवानामध्ये सिगारच्या कारखान्यांत 1865 पासून एक वाचक बसवायची प्रथा पडली. कामगार सिगार वळायचे आणि तो मोठ्यानं वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याची मजुरी कामगार आपल्या खिशातून द्यायचे. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली, यावरून त्या वाचनात किती ताकद होती ते कळतं. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही हीच रीत होती. एकानं पेपर वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. तिथली दिनेश बीडी ही कामगारांची सहकारी संस्था 1969 सालची, तिच्या कामाच्या जागांवरही असं वाचन चालायचं.

आता सोलापूर बघ. इथं विड्या मुख्यतः घरी होतात. बायका कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणतात, घरी बसून वळतात आणि तयार माल मोजून द्यायला पुन्हा कारखान्यात जातात. म्हणजे एका छताखाली शेकडो कामगार आणि मधोमध वाचक, असं चित्र इथं नाही. मग वाचकाची ती जागा कुणी घेतली? टीव्हीनं घेतली की तेलुगू यूट्यूबनं? की शेजारणीनं? की कारखान्यात माल द्यायला उभं राहताना होणाऱ्या गप्पांनी? की शाळेतून आलेल्या पोरीनं, जी आईच्या फोनवरचा मराठी मेसेज वाचून तेलुगूत सांगते? ही शेवटची शक्यता वाचून तुला हसू आलं असेल, कारण ती पोर तूच आहेस.

आणखी एक. विडी करणाऱ्या बाईकडे नीट बघ. मांडीवर सूप, हातात पान, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात गुंतलेले आणि डोळे बऱ्यापैकी गुंतलेले. मोकळे असतात ते कान. तुझ्या वडिलांचं नेमकं उलटं. मागाच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही, नजर धाग्यावर. त्यांच्यापर्यंत बातमी येणार ती चहाच्या गाड्यावर, पाळी बदलताना किंवा फोनच्या पडद्यावर. एकाच घरात एकाला बातमी कानानं मिळते आणि दुसऱ्याला डोळ्यानं, आणि हे त्यांच्या आवडीनिवडीवर ठरत नसून कामाच्या पद्धतीवर ठरतं. माझा हा फक्त अंदाज आहे. तू घरोघरी जाऊन तो खोटा ठरवलास तर प्रकल्प जास्तच चांगला होईल.

तात्त्विक आधार काय द्यायचा, हे सर विचारतीलच. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 1940 च्या निवडणुकीत मतदारांचा अभ्यास केला. माध्यमांतला मजकूर थेट सगळ्यांपर्यंत जाण्याऐवजी बऱ्याचदा काही जाणत्या माणसांमार्फत इतरांपर्यंत जातो, ही ‘दोन टप्प्यांच्या प्रवाहा’ची कल्पना त्यातून पुढं आली. हे तुमच्या पाठ्यपुस्तकात असणारच. त्याच्या पुढचा अभ्यास मात्र पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात, आणि तुझ्या कामाचा तोच आहे. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर या गावी सुमारे आठशे बायकांना विचारलं गेलं, की बाजारहाट, कपड्यांची फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न या बाबतीत तुम्ही कुणाचं ऐकता. ज्यांची नावं आली, त्यांनाही गाठायचा प्रयत्न अभ्यासकांनी केला. सगळ्यांपर्यंत पोचता आलं नाही. एलिहू कात्झ आणि लाझर्सफेल्ड यांचं त्यावरचं पुस्तक 1955 साली आलं. म्हणजे ‘तुला कुणी सांगितलं?’ आणि मग ‘त्या बाईला कुणी सांगितलं?’ असं विचारत मागं मागं जाणं ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. घरगुती गप्पांवर अभ्यास होत नाही असं मैत्रीण पुन्हा म्हणाली, तर तिला डिकेटरच्या या बायकांबद्दल सांग.

आता तुझा प्रश्न बारीक करू. ‘पूर्व भागातील विडी कामगार महिलांची माध्यमसाक्षरता’ असलं काही लिहू नकोस. तो पीएच.डी.चा विषय झाला, आणि पीएच.डी.वालेही त्यात गटांगळ्या खातात. तू तीन बातम्या निवड. मी असते तर या निवडल्या असत्या: गेल्या वेळी पाणी कधी येणार ते कसं कळलं, लाडकी बहीण योजनेचा शेवटचा हप्ता जमा झाल्याचं कसं कळलं, आणि विडीच्या मजुरीबद्दलची एखादी अलीकडची खबर. तिन्ही त्या बायकांच्या रोजच्या जगण्याशी बांधलेल्या आहेत आणि तिन्हींचे उगम वेगळे आहेत. एक महापालिकेतून निघते, एक राज्य सरकार आणि बँकेकडून, एक कारखाना आणि युनियनकडून. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे पाण्याची खबर चुकली तर घरात भांडण होतं. अशा बातमीचा माग माणसाला नीट आठवतो.

सवयीबद्दल विचारू नकोस, घडलेल्या गोष्टीबद्दल विचार. ‘तुम्ही बातम्या बघता का?’ असं विचारलंस तर एक तर ‘आम्हाला कुठला वेळ’ असं उत्तर मिळेल, नाहीतर तू कॉलेजची पोरगी म्हणून तुला बरं वाटेल असं काहीतरी. ‘मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठं होता? कुणी सांगितलं? आधी कळलं होतं का? खरं निघालं का?’ असं विचारलंस की माणूस आठवून बोलतो. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटचा. खबर खोटी निघाली तेव्हा काय झालं, पुढच्या वेळी त्याच माणसावर विश्वास ठेवला का, यावर बायका भरभरून बोलतील. माझ्या मते प्रकल्पातलं सोनं तिथं सापडेल, विशेषतः हप्त्याच्या बाबतीत. तिथं अफवाही येतात आणि खऱ्या मेसेजसारखे दिसणारे फसवे मेसेजही येतात.

किती घरं? वीस. तीसही नकोत. एक गल्ली घे, विड्या होतात त्या घरांची यादी कर आणि सुरुवातीपासून जात राहा. ओळखीच्या मावश्यांकडेच जाऊ नकोस, त्या तुझ्या आईला आवडेल तेच बोलतील. जिनं नाही म्हटलं तिचीही नोंद ठेव. किती जणींनी नकार दिला आणि साधारण का, हे शेवटी लिहायचं असतं. वीस जणींत स्वतःचा फोन असलेल्या आणि घरात एकच फोन असलेल्या, अशा दोन्ही येतील असं बघ. तुलना करायला तेवढं पुरतं. आपल्याकडे 1956 साली पुण्याच्या आकाशवाणीवरून गावोगावच्या श्रोता मंडळांसाठी शेतीचे कार्यक्रम झाले, तेव्हा पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत त्यांचं मूल्यमापन केलं. त्यात मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं अशी तुलना होती. तुझ्याकडे गावं नाहीत, पण एका गल्लीत दोन प्रकारची घरं आहेत.

वीस जणींवरून सगळ्या सोलापूरबद्दल बोलता येणार नाही. हे प्रकल्पात स्वतःहून, पहिल्याच प्रकरणात लिहून टाक. या गल्लीत या महिन्यात असं दिसलं, एवढंच तुझं म्हणणं असू दे. मर्यादा आधीच लिहिलेली असली की बाहेरून आलेल्या परीक्षकाचा निम्मा दारूगोळा संपतो.

प्रत्यक्ष भेटीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुस्तकात हे नसतं. विडीची मजुरी नगावर असते. तू समोर बसून ‘मावशी, जरा काम थांबवता का’ म्हणालीस, की तिचे पैसे कापतेस. काम चालू राहू दे, तू शेजारी बस. कारखान्यात माल द्यायच्या वेळेला जाऊ नकोस. वही-पेन घेऊन गल्लीत शिरलीस की सगळ्यांना वाटणार सरकारी सर्व्हे आलाय, आणि कुणीतरी विचारणारच, ‘नाव दिलं तर काही मिळणार का?’ पहिल्या मिनिटाला सांग, की काही मिळणार नाही, हे कॉलेजचं काम आहे, नाव लिहिणार नाही, नको वाटलं तर मध्येच बंद करू. हे तेलुगूत, साध्या शब्दांत सांग. सही घ्यायचा हट्ट नको. सही म्हटली की कागदावर कशाला सही करायची म्हणून भीती वाटते. तोंडी होकार रेकॉर्ड केला तरी पुरतो, तसं सरांना आधी विचारून ठेव. घरात अठराखालची मुलगी विड्या वळताना दिसली तर तिला प्रश्न विचारत बसू नकोस, तिचा फोटो काढू नकोस. फोटो मुळात कुणाचाच नको. मजुरीचा प्रश्न कारखान्याच्या माणसासमोर विचारू नकोस, आणि नवरा किंवा सासू उत्तर द्यायला लागली तर तीही एक नोंदच आहे, लिहून ठेव. कुणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दाखवला तर बघ, पण स्क्रीनशॉट घेऊ नकोस. त्या ग्रुपमधल्या बाकीच्या लोकांनी तुला परवानगी दिलेली नाही.

आईला मोजू नकोस. प्रश्न बरोबर बसलेत का हे बघायला पहिली मुलाखत आईची घे, पण वीसमध्ये तिला धरू नकोस. आणि तू स्वतः या साखळीतली एक कडी आहेस, हे एका परिच्छेदात मोकळेपणानं लिही. ‘मी याच भागातली आहे, तेलुगू माझी घरची भाषा आहे, मराठी मेसेज मी घरी वाचून दाखवते’ हे लपवायचं कारण नाही. बाहेरच्या संशोधकाला त्या ओट्यावर बसायला मिळायला महिना लागला असता. अर्थात त्याची दुसरी बाजूही आहे. ओळखीच्या पोरीला बायका काही गोष्टी सांगणार नाहीत. तेही लिही.

सरांना चार्ट हवेत ना? मग मुलाखतींना एक छोटा जोड दे. सोलापूर आवृत्ती असलेली दोन मराठी दैनिकं घे. सलग आठवडा घेऊ नकोस, कारण त्याच आठवड्यात पाइपलाइन फुटली की सगळी मोजणी वाकडी होते. एका आठवड्यातला सोमवार, पुढच्यातला मंगळवार, त्याच्या पुढच्यातला बुधवार असं करत सात अंक जमव. पाण्याची किती बातमी आली, कुठल्या पानावर, त्यात भाग आणि वेळ दिली होती का, एवढंच मोज. मग दुसऱ्या कुणाकडून त्यातले काही अंक स्वतंत्रपणे मोजून घे आणि तुमची दोघींची मोजणी किती जुळते ते टक्क्यांत सांग. नुसती टक्केवारी थोडी भोळी असते, कारण काही जुळणी योगायोगानंही होते. त्यासाठी जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलेला ‘कप्पा’ नावाचा गुणांक वापरतात. जमला तर काढ, नाही जमला तर टक्केवारी दे आणि तिची मर्यादा लिही. पेपरमधल्या पाण्याच्या बातमीत तुझ्या गल्लीचा उल्लेख किती वेळा येतो आणि गल्लीला खबर कुठून येते, हे शेजारी शेजारी ठेवलंस की तुझं एक प्रकरण तयार. जुने अंक हिराचंद नेमचंद वाचनालयात विचार, नाहीतर थेट दैनिकाच्या कचेरीत.

सरांबद्दल. त्यांच्या जागी बसून बघ. एवढ्या मुलांचे प्रकल्प तपासायचे, मुलं अर्ध्यात सोडून देतात, परीक्षक नावं ठेवतो. त्यांनी सुचवलेला विषय निदान संपतो, म्हणून तो सुचवलाय. त्यांना तुझ्या विषयाचं वावडं नसेल, तो अर्धवट राहण्याची धास्ती असेल. म्हणून नाही म्हणायला जाऊच नकोस. एक पान लिहून घेऊन जा. वर एका वाक्यात प्रश्न, खाली कुणाला भेटणार, काय विचारणार, कुठल्या महिन्यात काय संपवणार. पहिल्या महिन्यात वाचन आणि आईची चाचणी मुलाखत, दुसऱ्यात सगळ्या भेटी, तिसऱ्यात रेकॉर्डिंग लिहून काढणं आणि पेपरची मोजणी, चौथ्यात लेखन. सोबत ती चाचणी मुलाखत दोन पानांत लिहून जोड. कोरी कल्पना नाकारणं सोपं असतं. केलेलं काम समोर असलं की ‘बरं, बघू’ तरी येतं. शीर्षकात ‘माध्यमवापर’ हा शब्द ठेव, म्हणजे विभागाच्या यादीत ते शोभून दिसेल. ‘पूर्व भागातील एका गल्लीत तीन बातम्यांचा प्रवास: विडी कामगार महिलांच्या माध्यमवापराचा अभ्यास’ असं काहीसं. एवढं करूनही सर अडले, तर शंभर तरुणांऐवजी वीस घरांतल्या तरुण मुलांना विचारू का, एवढीच सवलत माग. विषय सरांचा, पद्धत तुझी. तसं झालं तरी काही बिघडत नाही.

झेरॉक्सच्या दुकानावर फार शाई घालवत नाही. तो तयार प्रकल्प तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडा पडतो: ‘नमुना कसा निवडला?’ आणि ‘एखादीनं नकार दिला का?’ जो घरोघरी गेलेला नाही त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. तुझ्या वर्गमित्राचं काय करायचं ते त्याचं तो बघेल. तेच एआयचं. लिहिलेलं नीटनेटकं करून घे हवं तर, पण संदर्भ त्याच्याकडून मागू नकोस, नसलेली पुस्तकं तो छातीठोकपणे सांगतो. आधीचे प्रबंध बघायचे तर शोधगंगा हे प्रबंधांचं संकेतस्थळ फुकट आहे. तिथं तीन प्रबंधांची फक्त पद्धतीची प्रकरणं वाच.

पुढं शिकायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो, आणि त्यात बारा श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प असतो. तुला तिथवर जायचं असेल तर हीच गल्ली पुढं वाढवता येईल. कुंभारीकडच्या विडी घरकुल किंवा रे नगर या कामगार वसाहतींत राहायला गेलेल्या बायकांना आता खबर कशी मिळते, हा तेव्हाचा प्रश्न. आत्ता नको.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या मुलांनी तुझीच गल्ली उचलू नये म्हणून चार जागा जाता जाता सांगते. अक्कलकोट तालुक्यात घरी कन्नड आणि शाळेत मराठी असलेली मुलं कुठल्या भाषेतली रील बघतात. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हरवलेल्या माणसाची घोषणा कशी होते, कुठल्या भाषेत होते. आकाशवाणी सोलापूर अजून कोण ऐकतं आणि कुठं बसून. इतिहासाची आवड असेल तर सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आहेच. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचे. लष्करी कायदा लागलेल्या शहरात छापील बातमीचं काय होतं, यावर वर्तमानपत्राची जुनी पानं चाळून कुणीतरी काम करायला हवं.

राहिला तेलुगूचा प्रश्न. चालतील, नव्हे, तेलुगूतच घे. मराठीत विचारलंस तर त्या बायका जेवढं मराठीत जमतं तेवढंच सांगतील. रेकॉर्डिंग ऐकून तेलुगू बोलणं तेलुगू लिपीत लिहिता येत नसेल तर देवनागरीत लिही, सोलापुरी तेलुगूत मराठी शब्द मिसळतात ते तसेच राहू देत, आणि खाली मराठी भाषांतर दे. मग तेलुगू चांगली येणाऱ्या दुसऱ्या कुणाला, तुझ्या गल्लीबाहेरच्या, तीन-चार मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकवून भाषांतर तपासून घे आणि कुठं मतभेद झाला ते टिपेत लिही. मूळ रेकॉर्डिंग निकाल लागेपर्यंत ठेव, पण फोनमध्ये नको. एका पेनड्राइव्हवर काढ, फाईलला नावाऐवजी क्रमांक दे, आणि कुठला क्रमांक कुणाचा ती यादी वेगळ्या वहीत ठेव. ती वही सरांनाही दाखवायची नाही.